टचिंगवाले इद्रीसभाई अंतराळात

इद्रीसभाई आता कुठे असतात, मला विचारू नका. कोणी सांगतं शारजात भाजी मार्केटजवळ दिसले, कोणी सांगतं अल ऐनला गेले. उचलली जीभ, लावली टाळ्याला. मला फक्त २००३च्या एप्रिलपर्यंतचं ठाऊक आहे, आणि तेवढं सांगतानाही माझं तोंड कडू होतं, कारण त्यात माझा हात होता. चांगल्या हेतूनं घातला होता, पण हेतूला कोण विचारतो?

मी विनिता. माहेर-सासर दोन्ही रोह्याकडचं. लग्न होऊन ९२ साली दुबईत, देऱ्यात आले. नवरा, मिथुन, कार्गोच्या ऑफिसात. घरी बसून भिंतींकडे बघण्यापेक्षा बरं, म्हणून नासर स्क्वेअरमागच्या एका फोटो स्टुडिओत काउंटरवर लागले. मालक मोहिद्दीन सेठ, केरळचे, बोलायला गोड. पुढे मी, मधे सेठचा कॅमेरा आणि रंगवलेले पडदे, आणि मागे डार्करूममध्ये इद्रीसभाई. पहिल्या दिवशी ते हात पुसत बाहेर आले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाय, तू आपल्याकडची काय?" दाभोळच्या खाडीकाठचे कोकणी मुसलमान. त्या एका "बाय"नं माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. परक्या मुलखात आपली बोली ऐकली की माणूस असं येड्यासारखं करतं.

त्यांचं काम टचिंगचं. निगेटिव्हवर पेन्सिलीचं बारीक टोक चालवून ते माणसाच्या तोंडावरचे देवीचे व्रण बुजवायचे, पांढरे केस काळे करायचे, पडलेला दात बसवायचे. पण त्यांची खरी ख्याती दुसऱ्याच कामाची. गावाकडून फोटो यायचे. बायको, मुलं, म्हातारी आई, आणि मधे एक माणूस मावेल एवढी जागा मुद्दाम सोडलेली. इथला माणूस येऊन आमच्याकडे एकटा उभा राहायचा, हात असा बाजूला काढून, म्हणजे कोणाच्या तरी खांद्यावर ठेवल्यासारखा. मग इद्रीसभाई त्याला ब्लेडनं कापून, मागून कागद घासून पातळ करून त्या जागेत असा चिकटवायचे, सांधा ब्रशनं असा मिटवायचे, की परत फोटो काढल्यावर बघणाऱ्याला वाटावं, गडी कालपर्यंत घरीच होता. बापानं तोंडही न पाहिलेलं पोर त्यांनी त्याच्या मांडीवर बसवून दिलेलं मी पाहिलंय. बिल्डिंगवर लोखंड वाकवणारे दांडगे बाप्ये तो फोटो हातात घेऊन काउंटरवर हुंदके द्यायचे. मी रुमाल पुढे करायची आणि म्हणायची, "यल्ला, चला, पुढचा कोण?" रडत बसले असते तर दुकान चाललं नसतं.

आणि स्वतः इद्रीसभाई? ते ९० साली आले होते, पोरगी उझमा सात महिन्यांची असताना. ज्या कंपनीच्या व्हिसावर आले ती आठ महिन्यांत बंद, मालक गायब, आणि पासपोर्ट त्याच्याबरोबर गायब. कागद नसलेल्याला इथे खल्लीवल्ली म्हणतात. खल्लीवल्ली माणूस काम करू शकतो, जेवू शकतो, झोपू शकतो, फक्त विमानात बसू शकत नाही. ते रस्त्यावरसुद्धा फारसे यायचे नाहीत. स्टुडिओच्या वरच्या मजल्यावर खोली, खाली डार्करूम. जिना उतरला की कामावर, जिना चढला की घरी. असं आयुष्य मी माझ्या दुश्मनालाही चिंतणार नाही.

९३च्या थंडीत देऱ्यात जिकडे तिकडे रशियन. पोती भरभरून चामड्याची जॅकेटं आणि टीव्ही न्यायचे, आणि येताना तिकडचं काहीबाही विकायला आणायचे. अशीच एक बाई दुकानात आली. जाडजूड, गालांवर लाली, अंगात हिवाळी कोट. तिनं काउंटरवर एक जुना कॅमेरा ठेवला आणि त्याच्या शेजारी एक अल्बम. कॅमेरा सेठनं घेतला. अल्बम कोणाला नको होता. मी सहज उघडला आणि हसायलाच लागले. तिकडच्या पहिल्या अंतराळवीरांचे फोटो होते, साठ-एकसष्टच्या आसपासचे. पण पदकं-बिदकं लावून ताठ उभे असलेले नाहीत. एकानं दुसऱ्याच्या डोक्यावर बादली धरलेली. एक विमानाच्या पोटात उलटा तरंगतोय आणि त्याची टोपी वेगळीच तरंगतेय. एकाला डॉक्टर जीभ बाहेर काढायला सांगतोय आणि मागचे दोघे त्याची नक्कल करतायत. चौघांनी मिळून पाचव्याला हातापायांना धरून झोका दिलाय. आणि एक कुत्री, गळ्यात पट्टे, वायरी, आणि तोंडावर आमच्या काकूबाईंसारखा भाव, की बघतेच तुमच्याकडे.

"इद्रीसभाई, बघा तरी, हे चंद्रावर जाणारे लोक, आणि शाळेतल्या कार्ट्यांसारखे खिदळतायत."

ते आले, चष्मा वर केला आणि एक-एक पान उलटू लागले. हसले नाहीत. टचिंगवाला हसत नाही, तपासतो. एका पानावर थांबले. पाच जण गळ्यात गळे घालून हसत होते. त्यांनी कडेच्या माणसाच्या खांद्यावर बोट ठेवलं. "ही बोटं कोणाची?" खरंच, त्या खांद्यावर चार बोटं होती आणि त्या बोटांच्या मागे नुसती झुडपं. "इथे सहावा माणूस होता. काढून टाकलाय. हात चांगला मारलाय, पण घाईत मारलाय."

अल्बम त्यांनी घेतला. चाळीस दिरहम, म्हणजे आपले साडेतीनशे रुपये. मी म्हटलं, "वेड लागलंय काय तुम्हाला?" ते म्हणाले, "लागलंय, बाय."

आठ दिवसांनी त्यांनी मला एक फोटो दाखवला. तेच पाच रशियन, गळ्यात गळे घालून. आणि त्या बिनमालकाच्या बोटांच्या जागी, झुडपांसमोर, अंतराळवीराच्या पोशाखात, बत्तीसच्या बत्तीस दात काढून हसणारे सहावे इद्रीसभाई! मी पोट धरधरून हसले. सांधा शोधायला भिंग लावलं तरी सापडेना. मागे त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं, "उझमा बेटा, अब्बा वर कामाला आहेत. इथे पाय जमिनीला लागत नाहीत, म्हणून चालत येता येत नाही."

दर महिन्याला एक फोटो. कधी ते उलटे तरंगत हातात चहाची किटली धरून. कधी त्या कुत्रीला बिस्कीट भरवताना. कधी बादलीखाली तेच. उझमा तेव्हा चार वर्षांची, आई वाचून दाखवायची. मग स्वतः लिहू लागली. शाळेच्या वहीचा कागद फाडून पत्रं यायची. "अब्बा, चहा सांडत नाही का?" "अब्बा, नमाज कुठल्या दिशेला पढता?" "अब्बा, कुत्रीला पोरं झाली तर एक माझ्यासाठी ठेवा." इद्रीसभाई ती पत्रं मला वाचून दाखवायचे आणि वाचताना इतके हसायचे, की ठसका लागायचा. माझी लेक ममता इथे इंग्लिश शाळेत. मी मराठीत कौतुकानं सांगायला जावं, तर म्हणायची, "Mom, that's so weird." म्हटलं, बाप रोज संध्याकाळी घरी येतो ना तुझा, तुला काय कळणार?

एक गोष्ट मात्र मला खटकायची. सगळ्या फोटोंत चेहरा तोच. ९१मध्ये स्टुडिओत लागल्याच्या पहिल्या आठवड्यात सेठनं लाइट तपासायला त्यांचे पाच-सहा फोटो काढले होते, कोणीतरी काहीतरी विनोद केला होता आणि ते खदाखदा हसले होते. भरघोस काळे केस, गुळगुळीत दाढी, सगळे दात. वर्षानुवर्षं त्याच निगेटिव्ह ते वापरत होते. इकडे केस पिकले. वरचे दोन दात गेले, दवाखान्यात जायचं तर ओळखपत्र मागतात, म्हणून तसेच गेले. दाढी वाढवली, तीही पांढरी. गाल बसले. मी म्हणायची, "एकदा खरा फोटो पाठवा. पोरगी मोठी होतेय."

"पुढच्या महिन्यात," ते म्हणायचे.

मरियमबीचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, एकदा पत्र आलं. शेवटी एकच ओळ होती, "तुम्ही तिथे म्हातारे होत नाही काय? मी इथे झाले." ते पत्र काही त्यांनी हसत वाचलं नाही.

९६ साली सरकारनं माफी जाहीर केली. कागद नसलेल्यांनी दंड न भरता निघून जावं, मुदत अमुक तारखेपर्यंत. इद्रीसभाईंनी गावाला कळवून टाकलं, येतोय. आणि इथे मोहिद्दीन सेठ त्यांच्या खांद्यावर हात टाकून, "इद्रीस, तू जाएगा तो मेरा दुकान खलास. जाने की क्या जल्दी है? अगले महीने तेरा नया वीज़ा, इन्शाल्ला, फिर आराम से जा, आराम से आ." मी काउंटरवरून ओरडले, "सेठ, झूठ मत बोलो." सेठ हसले. इद्रीसभाई थांबले. माणसाला इथे परत येण्याचा रस्ता पाहिजे असतो ना, नाहीतर घर कशावर चालणार? मुदत संपली, तो पुढचा महिना कधी उजाडलाच नाही. तिकडे सात वर्षांची उझमा चार दिवस धक्क्यावर बसून होती, खाडी ओलांडून येणाऱ्या प्रत्येक तरीतून उतरणारे पुरुष बघत. हे मरियमबीनं कळवलं. उझमानं दोन महिने पत्र लिहिलं नाही. मग एकदम मोठ्या बाईसारखं लिहिलं, "मला माहीत आहे तुम्ही दुबईत आहात. तरी फोटो पाठवायचे बंद करू नका." त्या दिवशी मी सेठला असं काही फटकारलं की आठवडाभर ते दुकानात माझ्यासमोर आले नाहीत.

२००३च्या सुरुवातीला परत माफी आली, एप्रिलअखेरपर्यंत. यावेळी मी इद्रीसभाईंना समोर बसवलं. "सेठ काय म्हणतात ते ऐकायचं नाही. दुकानात कॉम्प्युटर आलाय, तुमची पेन्सिल आणखी किती दिवस? पोरगी तेरा वर्षांची झाली. जायचं." ते म्हणाले, "जायचं." बास. एवढंच. पण एक अट घातली, गावाला आधी काही कळवायचं नाही. "तिला परत धक्क्यावर बसवायचं नाही मला. तिकीट हातात पडलं की फोन करू." मलाही ते पटलं. आग लागो माझ्या पटण्याला.

पासपोर्ट नाही, त्याचा नंबर नाही, झेरॉक्स नाही. तेव्हा वकिलातीतून सांगितलं, फोटोसकट अर्ज द्या, तुमच्या गावी चौकशी होईल, घरच्यांनी ओळख पटवली की बाहेर जायचा कागद देऊ. नियम तो नियम, त्यात कोणाची चूक नव्हती.

फोटो मी काढला. सेठचा कॅमेरा, माझा हात. इद्रीसभाई स्टुलावर बसले, निळ्या पडद्यासमोर. मी म्हटलं, "तोंड सरळ." त्यांनी ओठ मिटून घेतले, दातांची खिंड दिसू नये म्हणून. निगेटिव्ह धुऊन झाली तशी त्यांनी सवयीनं ती काचेवर ठेवली आणि पेन्सिलीला टोक काढायला लागले.

"हे काय चाललंय?"

"थोडीशी दाढी काळी करतो, बाय. गाल जरा भरतो. घरी हा फोटो दाखवणार ना कोणीतरी."

मी ती निगेटिव्ह त्यांच्या हातातून हिसकावून घेतली. "सरकारी काम आहे, इद्रीसभाई! टचिंग केलेला फोटो लावलात आणि तिथे खिडकीवर म्हणाले, हा माणूस तू नव्हेस, मग? फुकट घोडं अडेल. जसे आहात तसे जाऊ द्या."

त्यांनी पेन्सिल डब्यात ठेवली. मग म्हणाले, "तू म्हणतेस ते बरोबर आहे." मी स्वतः प्रिंट काढली. मिथुन स्वतः जाऊन अर्ज देऊन आला. मला वाटलं, एवढ्या वर्षांत कोणीतरी यांच्यासाठी एक काम धड केलं.

फेब्रुवारी गेला, मार्च गेला. इद्रीसभाईंनी खोलीत बॅग भरून ठेवली. उझमासाठी बूट घेतले, आणि माप ठाऊक नाही म्हणून तीन मापांचे घेतले. कोणतेतरी बसतील. ते एकदम बडबडे झाले. गिऱ्हाइकांना सांगायचे, "मी आता खाली उतरणार." गिऱ्हाइकांना काय कळणार, पण ते हसायचे. मला म्हणाले, "बाय, अल्बम ममताला ठेव." मी म्हटलं, "ती weird म्हणेल." म्हणाले, "म्हणू दे."

एप्रिलच्या तेवीस तारखेला मिथुन दुपारी दुकानात आला. चपला न काढता सरळ आत आला. गावाहून उत्तर आलं होतं. इंग्रजीतली एकच ओळ, मिथुननं मराठीत सांगितली. घरच्यांनी फोटोतला माणूस ओळखला नाही. अर्ज नामंजूर.

"म्हणजे? कोणी ओळखला नाही? मरियमबी मेली की काय?" मी किंचाळलेच. तोंडाला काही लगामच राहिला नाही माझ्या. "परत अर्ज टाकू. आजच टाकू."

"सहा आठवडे लागतात," मिथुन म्हणाला. "सात दिवस राहिलेत."

इद्रीसभाईंनी खिशातून नंबराचा कागद काढला. म्हणाले, "फोन लाव, बाय." त्यांच्या शेजाऱ्याकडे फोन होता. दहा मिनिटांनी परत लावा म्हणाले, बोलावून आणतो. ती दहा मिनिटं आम्ही तिघं काउंटरपाशी नुसते उभे होतो. एक गिऱ्हाईक आलं, त्याला मी हाकलून दिलं. पुन्हा लावला. लाइनला खरखर फार, म्हणून मी स्पीकर चालू केला. तिकडून धावत आल्यासारखा आवाज आला.

"अब्बा? मी उझमा. अम्मी नाय घरात, मामूकडे गेलीय गुहागरला, महिना झाला, मामीचं ऑपरेशन आहे. मी आणि दादीच आहोत."

"बरी आहेस ना, बेटा?"

"बरी आहे. अब्बा, एक गंमत सांगू? तुम्ही रागावणार नाही ना?"

"सांग."

"इथे मागच्या महिन्यात पोलीस पाटील आला होता, बरोबर एक हवालदार. एक फोटो घेऊन. एक म्हातारा, पांढरी दाढी, गाल आत गेलेले, असा बघत होता की मला भीतीच वाटली. विचारतात, हा इद्रीस, तुझा बाप, ओळखतेस ना? दादीला तर दिसत नाय. मी म्हटलं, छे, हा कुठला माझा बाप? मग मी पेटी काढली. तुमचे सगळे फोटो अंगणात मांडून दाखवले, एकशे अकरा आहेत. बादलीवाला, किटलीवाला, कुत्रीवाला, सगळे. म्हटलं, बघा, हे माझे अब्बा. हवालदार पण हसला. पाटील म्हणाला, कोणीतरी तुमच्या नावावर यायला बघतोय, आजकाल असं फार चालतं. मग मी लिहून दिलं, सही केली, दादीचा अंगठा घेतला. अम्मीनं सांगितलंय ना, अब्बांच्या कागदाला कोणाला हात लावू द्यायचा नाय."

करायला गेले गणपती, झाला मारुती म्हणतात ना, तसं सुद्धा नाही. मी करायला गेले होते माणूस, आणि माणूसच पुसून टाकला. मी त्यांच्याकडे बघत होते आणि हातानं खूण करत होते, सांगा, सांगा तिला, तो फोटो तुमचा होता म्हणून. मिथुननं माझा हात धरून खाली केला.

"अब्बा? ऐकताय ना? बरोबर केलं ना मी?"

इद्रीसभाई फोनजवळ वाकले. मग त्यांचा आवाज आला, अगदी साधा, गिऱ्हाइकाला तारीख देताना यायचा तसा.

"शाब्बास, बेटा. एकदम बरोबर केलंस."

"आता तो माणूस आपल्या घरी येणार नाही ना?"

"नाही," ते म्हणाले. "आता नाही येणार तो."